पायलटला गाडी लागते

रविवारी सकाळी संयोगिता निकम आरशासमोर उभी राहून पोटावर वर्तमानपत्र बांधत होती. वरून बघणाऱ्याला ती कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातली, खांद्यावर एक सोनेरी पट्टी मिरवणारी शिकाऊ वैमानिक दिसली असती. आतून ती कालचा पेपर होती.

"कुठलं पान घेतलंस?" दारातून रंगूबाईंनी विचारलं. या संयोगिताच्या थोरल्या आत्या.

"पहिलं."

"काढ ते आधी! त्यात समदं राजकारन आसतंय. त्यानं चांगल्या मानसाला मळमळतंय. शेतीचं पान घे. थंड आसतंय."

संयोगिताने मुकाट्याने शेतीचं पान घेतलं. हळदीच्या भावावर नाडी आवळली, वर शर्ट खोचला आणि एक पाऊल टाकून बघितलं. कर्रकर्र आवाज झाला.

"आत्ती, वाजतंय गं."

"वाजू दे. वाजल्यालं परवडलं."

गोष्ट अशी होती की संयोगिताला विमान लागत नव्हतं, गाडी लागत होती, आणि पोटाला पेपर बांधला की ती लागत नाही, असा रंगूबाईंचा ठाम समज होता. मागच्याच आठवड्यात तिने कराडच्या धावपट्टीवरून दोन आसनांचं विमान एकटीने वर नेलं होतं, कृष्णा-कोयनेच्या संगमावर झोकदार वळण घेतलं होतं आणि झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तसं ते परत खाली टेकवलं होतं. विमानात तिचं पोट कधी कुरकुरलंही नव्हतं. पण हीच संयोगिता चारचाकीत मागच्या सीटवर बसली, की गाव मागं पडायच्या आत तिची मान खिडकीबाहेर. लहानपणी तर लांबून लाल एसटी दिसली तरी तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते भुकेचं नसायचं. चिपळूणच्या लग्नाला जाताना कुंभार्ली घाटात तिने नवरदेवाच्या काकांच्या मांडीवर जे केलं, त्यानंतर निकमांच्या घराला घाटाखालून आमंत्रण म्हणून आलं नाही.

हे सगळं घरात ठेवलं असतं तर ठीक होतं. पण मध्ये उभे होते कॅप्टन रहिमान मुजावर. विमानशाळेचे मुख्य शिक्षक, मूळचे मिरजेचे, अर्धं आयुष्य हवाई दलात काढलेले. त्यांची मिशी विमानाच्या पंख्यासमोरही हलत नाही, असं पोरं म्हणायची. त्यांचं एक वाक्य सगळ्या शिकाऊंना पाठ होतं: "ज्याचं पोट ताब्यात नाही, त्याच्या ताब्यात मी विमान देत नाही." हे म्हणताना ते कुणाकडे बघायचे नाहीत, सरळ आकाशाकडे बघायचे, त्यामुळे ते आणखीच भयंकर वाटायचं. ऋषिराज नावाच्या मुलाने पहिल्याच फेरीत "सर, पिशवी" म्हटलं, तर सरांनी त्याला पुढचे कितीतरी दिवस नुसती विमानं धुवायला लावली. बिचाऱ्याला वाटलं, अभ्यासक्रमच तसा आहे.

आणि मंगळवारी संयोगिताला एकटीने लांबचा पल्ला मारायचा होता. कराडहून बारामती आणि परत. सोडायचं की नाही, ते ठरवणार मुजावर सर.

आज मात्र सांगलीला जायचं होतं. कुपवाडला पंपाचे सुटे भाग बनवणारे मामा हंबीरराव यांनी भाचीच्या सत्कारासाठी माधवनगरात कार्यालय घेतलं होतं, आणि भाचीला न विचारता प्रमुख पाहुणे म्हणून मुजावर सरांना बोलावून मोकळे झाले होते. आई-वडील तयारीसाठी कालच पुढे गेले होते. संयोगिता रेल्वेने येणार होती. रेल्वे तिला लागत नसे. पण मामांनी फोनवर आकाशपाताळ एक केलं. "भाची पायलट, आन् येनार प्याशिंजरनं? लोकं माझ्या तोंडात शान घालतील! गाडी धाडतोय. तू आन् सर एकाच गाडीतनं या. दिमाखात!"

एकाच गाडीतून. मागच्या सीटवर. सरांशेजारी.

"तू भिऊ नगंस," रंगूबाई म्हणाल्या. "पोटात कालवलं की नुसतं खोक. म्होरचं माझ्यावर सोड. गाडी मला लागतीया आसं सांगायचं. मला म्हातारीला कोन इमान चालवायला देनार हाय?"

"आत्ती, तुला आजवर कशाचाबी तरास झालेला न्हाई. बैलगाडीत बसून तू ज्वारीची भाकर खातीस."

"नाटक करायला तरास व्हावा लागत न्हाई, बाई."

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला.

गाडी कसली, लग्नाचा मांडवच आला होता. टपापासून चाकापर्यंत झेंडू, मधूनमधून निशिगंध, आत खिडक्यांना जांभळे मखमली पडदे आणि आरशाला टांगलेली अत्तराची बाटली, जिच्यातला गुलाब गाडी हलायच्या आधीच डोक्यात शिरत होता. चाक धरून बसला होता मामांच्या कारखान्यातला गुंडा. आणि मागच्या सीटवर, काळा चष्मा लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ बसले होते कॅप्टन मुजावर.

"गुड मॉर्निंग, सर."

सरांची मान सूतभर हलली.

"सर, तुम्ही तर नेहमी तुमची गाडी..."

"सायेब सोताच चालवत येनार म्हनत हुते," गुंडाने अभिमानाने सांगितलं. "मी म्हनलं, मालक माझी कातडी सोलतील. त्यास्नी पटंना, मग मलकापुरात त्यांच्या गाडीम्होरंच आपली आडवी लावली. काय करत्यात मग!"

"आडवी लावली," सर म्हणाले. अपहरण झालेला माणूस पोलिसांना जबानी देतो तशा आवाजात.

रंगूबाईंनी चटकन डाव टाकला. "संयू, तू फुडं बस. मी सायबांच्या शेजारी बसते."

"जमायचं न्हाई आक्का! सत्कारमूर्ती आन् पावनं मागं, आसा मालकांचा हुकूम हाय. फुडं फेट्यांची खोकी धरून तुमी बसायचं. आन् काचा कुनी उघडू नका, भायेरनं माळा चिकाटल्यात."

गाडी निघाली. गुंडाची ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर या दोघांशीच मैत्री होती, आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून तो आळीपाळीने दोघांनाही भेटत होता. हायवे होता तोवर संयोगिताने पडद्याच्या फटीतून दिसणाऱ्या बोटभर आकाशाला नजर बांधून ठेवली. विमानात समोर क्षितिज असतं. इथं समोर रंगूबाईंचा अंबाडा होता.

शेजारी सर गप्प. नुसते गप्प नव्हेत, जबडा आवळून गप्प. त्यांना समजलंय, संयोगिताला वाटलं. आपल्याला जोखतायत. काहीतरी बोलायला हवं.

"सर, आज हवा छान आहे, नाही?"

"हं."

"वारा वायव्येकडून असेल."

"संयोगिता," सर डोळे मिटून म्हणाले, "वाऱ्याबद्दल नको."

रंगूबाईंनी मागं वळून आवळासुपारीचा डबा पुढे केला. "घे गं. सायेब, तुमीबी घ्या की थोडी."

सरांनी थोडी घेतली नाही, मूठभर घेतली. मग लिंबाची फोड घेतली. मग आल्याचा तुकडा घेतला. साहेबाला घरगुती जिनसांची फारच आवड दिसते, असं संयोगिताच्या मनात आलं. तेवढ्यात गुंडाने ब्रेकची भेट घेतली आणि गाडीभर कर्रकर्र झालं.

"हा आवाज कसला?" सरांनी दचकून विचारलं.

"कसला, सर?"

"कागदासारखा."

"शर्टाला खळ जास्त झालीय, सर."

"अच्छा," सर म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. थोड्या वेळाने पुन्हा कर्रकर्र झालं. संयोगिताने श्वास रोखला. या वेळी तर ती हललीही नव्हती.

पेठनाका सोडून गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली. रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू खणलेली, दुसरीवर खडी, आणि मधून उसाच्या ट्रॉल्या डुलत चाललेल्या. गुंडा दर ट्रॉलीला डावीकडून हुलकावणी देऊन उजवीकडून काढत होता. संयोगिताच्या पोटातला चहा वर येऊन इकडेतिकडे बघू लागला. ती खोकली.

"थांबीव!" रंगूबाई किंचाळल्या. "थांबीव रं मुडद्या! मला गाडी लागली!"

गाडी थांबायच्या आत रंगूबाई खाली. बांधावर बसून त्यांनी "आई गं, मेले गं" म्हणत असा काही सूर लावला की दोन ट्रॉलीवाले थांबले. संयोगिता त्यांची पाठ चोळायच्या निमित्ताने उतरली आणि भाता ओढावा तशी हवा ओढू लागली. सर? सर लांब ढांगा टाकत उसात शिरले होते.

"ऊस बघतो जरा," एवढंच ते जाताजाता म्हणाले.

बऱ्याच वेळाने ते रुमालाने मिशी पुसत परत आले. "शहाऐंशी बत्तीस जातीचा आहे," ते खोल आवाजात म्हणाले. "उतारा चांगला येईल."

"सायबाला शेतीचा लय नाद दिसतोय," रंगूबाई भाचीच्या कानात म्हणाल्या.

इकडे गुंडाने मामांना फोन लावला होता. "मालक, आक्कांची तब्येत जरा... व्हय, वकत्यात... न्हाई, तोंडावर तेज हाय, पर वरडनं लय वाईट हाय."

पुन्हा गाडी. आता साखर कारखाना आला, आणि त्याच्यासोबत मळीचा वास. हा वास जन्मापासून ओळखीचा, एरवी बरासुद्धा वाटणारा. पण आत कोंडलेल्या गुलाबाशी त्याची गाठ पडली आणि दोघांनी मिळून संयोगिताच्या घशाशी बैठक मांडली. तिला खोकायचं होतं. पण तोंड उघडणं आता धोक्याचं होतं. तिने रंगूबाईंच्या खांद्यावर थाप मारली.

"थांबीव!"

मागची दोन्ही दारं एकदम उघडली. संयोगिता मागंपुढं न बघता समोरच्या उसात घुसली, पाचटावर गुडघे टेकले आणि सकाळपासूनचा सगळा हिशेब भूमातेला देऊन टाकला. डोळे पुसून ती उठणार, एवढ्यात पलीकडच्या सरीतून कुणीतरी तिच्याच सुरात सूर मिसळला. तोच ताल, पण आवाज भारदस्त.

"कोन हाय?" संयोगिता घाबरून म्हणाली.

पलीकडची पाती सळसळली.

"मुजावर," उत्तर आलं.

तिने पाती बाजूला सारली. कॅप्टन रहिमान मुजावर एका हाताने उसाला धरून वाकून उभे होते. काळा चष्मा कपाळावर चढला होता, शर्ट सुटला होता, आणि खालून इंग्रजी पेपरचा कोपरा लोंबत होता.

"सर, तुम्ही?"

"तू इथं काय करतेस?"

"मी... आत्तीला बरं नाही म्हणून..."

"तुझी आत्या गाडीपाशी आहे. गुंडाला शिव्या देते आहे. इथपर्यंत ऐकू येतंय." सरांची नजर तिच्या शर्टावरून खाली आली. पळताना दोन बटणं तुटली होती आणि हळदीचा भाव स्पष्ट वाचता येत होता.

आता लपवण्यासारखं दोघांकडेही काही उरलं नव्हतं. संयोगिताला रडू फुटलं. "सर, विमानात कधी नाही झालं. शपथ घेते. फक्त गाडीत. मागं बसलं की. तुम्ही मला मंगळवारी सोडणार नाही ना आता?"

सर शेजारच्या बांधावर बसले. त्यांनी खिशातली उरलेली आवळासुपारी काढली आणि तिला निम्मी दिली.

"मला लढाऊ विमानात कधी नाही झालं," ते म्हणाले. "उलटं उडवलं, सुलटं उडवलं. पण बायकोने गाडी चालवली आणि मी शेजारी बसलो, की मिरजेहून अंकलीच्या पुलापर्यंतसुद्धा टिकत नाही. म्हणून मी कुणाला चाक देत नाही. लोकांना वाटतं, साहेबाला गाडीचा फार शौक आहे."

"मग सर, ते वाक्य? पोट ताब्यात..."

"ते मी स्वतःला बजावत असतो. तुम्ही पोरं उगाच पाठ करता." सरांनी घसा साफ केला. "ऋषिराजला मात्र मी जरा जास्तच धुवायला लावलं. उद्या त्याला वर नेतो. आणि मंगळवारी तू जाते आहेस. जो हाकतो त्याला लागत नाही, आणि एकटीच असलीस तर हाकणारी तूच ना?"

संयोगिताच्या अंगावरून विमान उतरल्यासारखं झालं. ती रडताना हसू लागली, सर हसताना पुन्हा वाकले, आणि मग दोघांनी एकमेकांकडे पाठ करून उरलेलं काम उरकलं.

बाहेर येऊन सरांनी गुंडापुढे हात केला. "किल्ली."

"आवं सायेब, तुमचं तोंड पांढरं फटक पडलंय. आशा मानसाच्या हातात मी गाडी देत न्हाई," गुंडा म्हणाला. वाक्य जवळपास सरांचंच होतं. शेवटी तह झाला: पडदे काढायचे, माळा फाडून काचा उघडायच्या, अत्तर फेकायचं. तरीही आष्ट्यापासून सांगलीपर्यंत रंगूबाईंना आणखी दोनदा गाडी लागली. दर वेळी त्या बांधावर बसून ओरडल्या, दर वेळी सरांनी ऊस पाहिला, आणि दर वेळी गुंडाने मामांना फोन केला. फोनागणिक रंगूबाईंची प्रकृती खालावत गेली.

माधवनगरच्या कार्यालयापुढे गाडी थांबली, तेव्हा दारात हार घेतलेल्या बायका होत्या, हलगीवाले होते, आणि सगळ्यांच्या पुढे एक डॉक्टर व कारखान्यातले दोन धिप्पाड कामगार खाट धरून उभे होते.

"आक्का!" हंबीरराव धावले. "उचला रं!"

"आरं हंबीर, मला काय झाल्यालं न्हाई!"

"लय वाढलं की मानूस आसंच म्हनतंय, डॉक्टर. बेगीनं घ्या."

धडधाकट रंगूबाई हलगीच्या ठेक्यावर आडव्या होऊन आत गेल्या. त्यांना नवरीच्या खोलीत निजवलं, आणि डॉक्टरांनी हंबीररावांच्या समाधानासाठी सलाईनची बाटली टांगली. संयोगिता पाठोपाठ धावली. मनातून ती पार शरमली होती.

"आत्ती, मी सांगते समद्यांस्नी. माझ्यापायी तू..."

"तोंड उघाड तर खरं!" रंगूबाईंनी सुईच्या हातानेच दटावलं. "सरांनी सोडलंय न्हवं तुला मंगळवारी? मग झालं तर. आन् मला आजवर कुनी आसं आडवं निजवून वारा घातला न्हाई. घालू दे की."

कोपऱ्यात संयोगिताची आई राजेश्वरी खरोखरच पदराने वारा घालत होती. तिने लेकीच्या शर्टाची तुटलेली बटणं पाहिली, आतला पेपर पाहिला, नणंदेकडे पाहिलं आणि पेटीतून सुईदोरा काढला.

सत्कार जोरात झाला. व्यासपीठामागे भला मोठा फलक होता. त्यावर चार इंजिनांच्या अगडबंब विमानाच्या खिडकीतून संयोगिता डोकावत होती. निशिगंधाचा हार गळ्यात पडला तसा तिला पुन्हा गुलाब आठवला. तिच्या आणि सरांच्या डोक्याला फेटे आवळले. बासुंदीच्या वाट्या पुढे आल्या, तेव्हा शिष्येने आणि गुरूने एकाच वेळी हात आडवा केला.

"बगा!" हंबीररावांनी माइक हातात घेतला. "ह्याला म्हनत्यात पथ्य! आपुन असतो तर दोन वाट्या वडल्या असत्या. माझ्या भाचीला आभाळात भ्या वाटत न्हाई. आन् ह्ये तिचं गुरू! वादळात इमान घालतील, ढगात घालतील, पर ह्यांच्या पोटातलं पानी हलायचं न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर आपल्या बुटांकडे बघत राहिले. संयोगिताने हसू दाबायला ओठ आवळले, पण पोटावरच्या हळदीच्या भावाला ते जमेना. तो माइकपर्यंत कर्रकर्र वाजला.

बोलायची वेळ आली तेव्हा तिने पाठ केलेलं भाषण सोडून दिलं. "मी आज इथवर पोचले," ती म्हणाली, "ते माझ्या आत्तीमुळं. तिनं आज वाटेत जे सोसलं, ते माझ्यासाठी सोसलं."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नवरीच्या खोलीतून आवाज आला, "बास कर गं आता! बाटली संपत आली, डॉक्टरला धाडा!"

कार्यक्रम संपला आणि खरा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. तो गाडी पुसत होता.

"गुंडा सोडंल की तुमास्नी," हंबीरराव म्हणाले.

"नको!" दोन आवाज एकदम निघाले.

सरांनी सांगितलं, मी चालवतो. मामा म्हणाले, पाहुण्याने चाक धरायचं म्हणजे आमचं नाक कापलं. शेवटी सर हवाई दलातल्या आवाजात बोलले आणि मामा एक पायरी खाली आले. पण तोवर वडिलांनी रंगूबाईंसाठी फुलांची गाडी अडवून ठेवली होती. डॉक्टरांनी त्यांना रात्रभर सांगलीतच राहू द्या म्हटलं होतं, आणि गाडी मामांच्या घरापर्यंत त्यांच्या सेवेला हवी होती. रंगूबाई खाटेवरूनच फर्मान सोडत होत्या, "हळू न्या गं! मला गाडी लागतीया!"

"माझी न्या की," मामांची मुलगी समीक्षा म्हणाली. ती कुपवाडला बायकांना गाडी शिकवायची शाळा चालवायची. "मी उद्या रेल्वेनं यून घिऊन जाते."

ती गाडी छोटी होती, लिंबाच्या रंगाची. टपावर पाटी: 'समीक्षा मोटार ड्रायव्हिंग स्कूल – फक्त महिलांसाठी'. मागं लाल रंगात मोठा एल. संयोगिता डाव्या बाजूला बसली, पाय खाली सोडले, आणि तिचे पाय कशावर तरी टेकले. तिने वाकून बघितलं. शिकवणाऱ्या बाईसाठी डावीकडेही ब्रेक आणि क्लच बसवलेले होते.

"सर," ती हळूच म्हणाली, "दोघांकडंही आहे."

सरांनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा दिवसात पहिल्यांदा उजळला. अगदी विमानासारखं होतं सगळं. तिथंही ती डावीकडे आणि सर उजवीकडेच बसायचे. फक्त विमानात डावी बाजू शिकणाऱ्याची असते, आणि इथं शिकवणाऱ्याची होती.

निघाले. काचा उघड्या, समोर मोकळा रस्ता, पश्चिमेला कलतं ऊन. संयोगिताचा पाय ब्रेकवर अलगद ठेवलेला, नजर लांबवर. अर्धा रस्ता गेला तरी पोट गप्प. तिला विश्वास बसेना. ती गुणगुणू लागली. सरही बोटांनी चाकावर ताल धरू लागले. येताना ज्या ज्या उसाची पाहणी झाली होती, तो मागे पडताना दोघांनी एकमेकांकडे बघणं टाळलं.

आष्टा मागं पडल्यावर पुढे एक ट्रॉली अचानक थांबली. सरांनी ब्रेक दाबला. त्याच क्षणी संयोगितानेही दाबला. गाडीने जागच्या जागी उडी मारली, दोनदा उचकी दिली आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली.

"ब्रेक कुणी मारला?" सरांनी विचारलं.

"समोर ट्रॉली होती, सर."

"मला दिसली होती."

"मलाही दिसली होती, सर."

मागं हॉर्नांची वरात लागली. ट्रॉलीवाला खाली उतरून कमरेवर हात ठेवून आला. त्याने टपावरची पाटी वाचली. मागचा एल पाहिला. डावीकडच्या, सोनेरी पट्टीच्या कडक पांढऱ्या गणवेशातल्या तरुण बाईंकडे आदराने पाहिलं. मग चाकामागच्या पिकल्या मिशीच्या, फेटा बांधलेल्या गृहस्थांकडे पाहून त्याला त्यांची दया आली.

"बाई," तो खिडकीत वाकून म्हणाला, "आज्ज्यास्नी एवढ्यात मोठ्या रस्त्याला काढलासा व्हय? आदी मैदानात फिरवायचं की थोडं दिवस. भ्याल्यात बगा किती!"

विमानशाळेतलं एकही पोर हे ऐकायला इथं नाही, याचं संयोगिताला मनापासून वाईट वाटलं. सर सरळ समोर बघत होते. मिशी पहिल्यांदाच हलली, कडेकडेने.

"तसं चांगलं शिकत्यात हो," संयोगिता गंभीरपणे म्हणाली. "जरा वय झालंय, म्हनून एळ लागतोय."

"लागंल, लागंल. आज्जा, भिऊ नगासा. बाई सांगत्यात तसं करा." ट्रॉलीवाल्याने सरांच्या खांद्यावर थोपटलं आणि मागच्या गाड्यांना हाताने थांबवून धरलं. "व्हा म्होरं!"

कॅप्टन रहिमान मुजावर यांनी फेटा सारखा केला, किल्ली फिरवली, पाठ ताठ केली आणि अत्यंत नम्रपणे विचारलं,

"क्लच सोडू का, बाई?"

"सोडा," संयोगिता म्हणाली. "पण हळूहळू."